येते हं, लिमबाई

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठत जातात. अकरा वर्षं एका घरात राहिलं, रोज त्याच लिफ्टने वर-खाली केलं, की आपल्याला वाटतं आपल्या आयुष्यात काही घडतच नाही. मग सामान बांधायची वेळ येते. स्टोअररूममधून पहिला खोका बाहेर काढला की त्यातून एक किस्सा निघतो, दुसऱ्यातून दोन. परवा कपाटामागे कपडे वाळत घालायचा बांबू सापडला, तो हातात धरून मी अर्धा तास एकटीच हसत बसले होते. शिरीष, म्हणजे माझा नवरा, डोकावून म्हणाला की याच वेगाने पॅकिंग चाललं तर आपण इथेच राहू आणि बुलडोझरवाल्यांना चहा करून देऊ.

बुलडोझर खरंच येणार आहे. परदेशातल्या या बेटावर, हौगांगमधला आमचा ब्लॉक सरकारने बांधलेला, बारा मजली, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा. त्या काळी पत्र्याच्या घरांत, नळाला रांगा लावून राहणाऱ्या लोकांना उचलून अशा इमारतींत आणलं गेलं, नळ आणि वीज घरात, तेही परवडेल अशा बेताने. गेल्या वर्षी प्रत्येक दारात पत्र आलं: हा ब्लॉक पाडणार, जवळच नव्या इमारती तयार होतायत, तिथे फ्लॅट निवडा, किंवा मोबदला घेऊन तुम्हाला हवं तिकडे जा.

आमच्या मराठी मित्रमंडळींनी पेढे मागितले. आमच्या ग्रुपमध्ये सगळे कॉन्डोत राहतात, खाली स्विमिंग पूल, गेटवर वॉचमन. आम्हीच काय ते सरकारी फ्लॅटवाले. घर घेताना शिरीष म्हणाला होता, "चार वर्षं फक्त. मग कॉन्डो." चाराची अकरा झाली. आता पत्र आल्याबरोबर त्याने सेरंगूनच्या एका कॉन्डोचं ब्रोशर आणलं आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावून टाकलं. खोटं कशाला बोलू, भाजी काढायला फ्रिज उघडताना मीही त्या पूलकडे एक नजर टाकायचे.

आणि शेजारी लिमबाई. वय एक्याऐंशी, एकट्या. ब्लॉक उघडला त्या दिवसापासून त्या इथे आहेत. नवरा याच घरात गेला, मुलगा बेटाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आणि त्याच्याकडे जायचं त्यांनी साफ नाकारलं होतं. नव्या घराची त्यांना भीती नव्हती. त्यांना काळजी एकच, शेजारी कोण असेल. पत्र आलं त्या आठवड्यात त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं, "यू ऑल गो व्हेअर?" तोंडाळ म्हणून मी सगळीकडे प्रसिद्ध, पण त्या वेळी चक्क मोबाइल बघायला लागले. उत्तर माझ्याकडे होतं, ते फ्रिजवर लावलेलं होतं.

तर तेवढं लक्षात ठेवा आणि बाकीचं ऐका.

◆

आधी लिफ्ट. ब्लॉक बांधला तेव्हा लिफ्ट फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची. बाकीच्यांनी तिथून जिना चढायचा नाही तर उतरायचा. आम्ही सातव्यावर, म्हणजे बरोब्बर अडचणीत. आमचं नशीब, आम्ही यायच्या आधीच लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबायला लागली होती.

पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारच्या आजीबाई, म्हणजे याच लिमबाई, भेटल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि बोटाने दाबलं नऊ. मला वाटलं, बिचाऱ्या विसरल्या. मी मदत म्हणून सात दाबलं. सात आलं, मी दार धरून उभी, त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी मी एकटीच उतरले. त्या वर गेल्या आणि पाच-सात मिनिटांनी जिन्याने खाली आल्या.

शिरीष इंजिनिअर. त्याला कोणी बटण चुकीचं दाबलेलं सहन होत नाही. त्याने एक दिवस त्यांना अगदी अदबीने लिफ्टचं पॅनेल समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पहिला फ्रिज आला तेव्हा तो नवव्यावर उतरवला आणि आठव्या-नवव्यावरचे लोक ताटावरून उठून तो खाली घेऊन आले. त्यांच्या सासूला चालता येत नव्हतं, दवाखान्यातून आणलं की दर वेळी वेगळ्या घरातला माणूस तिला पाठीवर घेऊन दोन मजले उतरायचा. कोणी कोणाला बोलवायला जात नसे, पावलांचा आवाज ऐकून दारं उघडायची. लिफ्ट सगळीकडे थांबायला लागली आणि ती दारं बंद झाली. म्हणून त्या अजूनही नवव्यावर उतरतात, येताना प्रत्येक दाराच्या लोखंडी जाळीवर टकटक करतात, कोण बरं आहे, कोण आजारी आहे ते बघतात आणि मग घरी येतात.

मी ऐकून थक्क झाले.  शिरीष दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आला तो नवव्यावरून जिन्याने उतरत. विचारलं तर म्हणाला, व्यायाम.

◆

मग आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, चिंचवडच्या. तीन महिन्यांसाठी आल्या आणि मधेमधे जाऊन-येऊन सात वर्षं राहिल्या. इंग्रजी चार शब्दांचं: यस, नो, थँक्यू आणि नो एग. शेजारणीचं नाव लिम आहे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी तिची लिमबाई करून टाकली, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या लिमबाईच.

माझी मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची. मराठी कळायचं सगळं, बोलणं मात्र इंग्लिशमध्ये, तेही इथलं. एकदा शाळेला निघताना आजीला खूश करायला ती मराठीत ओरडली, "आजी, मी जाते!" आई हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. जाते म्हणू नये, येते म्हणावं. सईने विचारलं की जातेय तर येते कशी म्हणू. आई म्हणाल्या, "जाणारं माणूस एकदाच जातं, आणि ते त्याला स्वतःला म्हणावं लागत नाही, मागचे म्हणतात. आपण आपलं येते म्हणायचं." पोळी करपली. पण सई तेव्हापासून येते म्हणायला लागली.

त्याच आठवड्यात मी आईंना आणि सईला लिटिल इंडियाला घेऊन गेले, पोहे, कढीपत्ता, देवाला फुलं असं सगळं आणायला. कुलूप लावलं. लिमबाई आपल्या दारात बसलेल्या. आता घरातून निघायचं आणि शेजारणीला सांगायचं नाही, हे आईंच्या रक्तात नाही. त्या जाळीपाशी थांबून म्हणाल्या, "येते हं, लिमबाई."

लिमबाईंनी सईला विचारलं की आजी काय म्हणाली. सई म्हणाली, "शी से शी कमिंग लाह." त्यावर लिमबाई मान डोलावून म्हणाल्या, "या, या."

लिफ्टमध्ये आईंचा चेहरा बघण्यासारखा होता. "किती रीतभात आहे बघ. येते म्हटलं तर 'या' म्हणाल्या. आमच्या चिंचवडच्या शेजारणी नुसती मान हलवतात." आता या बेटावर अर्धी माणसं होकार द्यायचा झाला की 'या, या' म्हणतात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण इतका आनंद झालेल्या माणसाचा विरस मी तरी कशाला करू?

आम्ही तीन तासांनी परत आलो. लिमबाई तिथेच बसलेल्या. समोर स्टूल, स्टुलावर दोन कप आणि जाळीच्या झाकणाखाली तांदळाच्या गोड वड्या. चहा गारढोण झालेला. येते म्हणाल्या म्हणून त्या आम्ही निघाल्यापासून वाट बघत होत्या! आई इतक्या ओशाळल्या की पिशव्या तिथेच ठेवून त्यांनी तो थंड चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. आणि त्या दिवसापासून स्वतःला नियम घालून घेतला: बाहेर जाताना लिमबाईंना 'येते' सांगायचं आणि परत आल्यावर आपल्या घरात पाऊल टाकायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन 'आले हं' म्हणायचं. देवळातून, दवाखान्यातून, खालच्या दुकानातून कोथिंबीर घेऊन आल्या तरी आधी तिकडे. एकदा दीड महिना चिंचवडला राहून आल्या, तेव्हाही विमानतळावरून बॅगेसकट पहिल्यांदा लिमबाईंच्या दारात.

म्हणजे लिमबाईंच्या बाजूने बघाल तर आईंचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता. आमच्यात नुसतं निघतानाही तेच म्हणतात, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं म्हणून ते राहून गेलं. आणि ते राहून गेलेलंच पुढे अंगाशी आलं.

◆

साधारण वर्षभर खालचा कॉफीवाला शिरीषला एक टोस्ट फुकट द्यायचा. बाजारात म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे कौतुकाने बघायच्या. एकीने तर त्याच्या गालाला हात लावला. शिरीषला वाटायला लागलं की त्याने दाढी ठेवली त्याचा हा परिणाम.

एक दिवस चौथ्या मजल्यावरचे हमीदभाई त्याला लिफ्टमध्ये म्हणाले की तुझ्याबद्दल मला फार आदर वाटतो, स्वतःची आई नसून तिचं इतकं करतोस. शिरीष वर आला तो पांढराफटक. बूट न काढता स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "आई, खरं सांग. मी तुझाच ना?" आईंनी लाटणं दाखवून सांगितलं की हे नाक आरशात बघ आणि मग विचार.

उलगडा सईने केला. लिमबाईंच्या चिनी बोलीत 'आ-ई' म्हणजे मावशी. आम्ही दोघं दिवसभर घरात 'आई, आई' करतोय हे भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी ठरवलं होतं की ही शिरीषची मावशी. आणि मावशीला कोणी इतकं सांभाळतं, औषधं आणतं, हात धरून जिना उतरवतं, म्हणून त्यांनी सगळ्या ब्लॉकभर त्याचे गोडवे गायले होते!

आम्ही जाऊन त्यांना सांगितलं की ही मावशी नाही, सख्खी आई आहे. लिमबाईंचा चेहरा पडला. "ओन मदर?" त्या म्हणाल्या. "देन नॉर्मल लाह."

टोस्ट त्या आठवड्यापासून बंद झाला.

◆

आता तो बांबू. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भोकं केलेली असतात, कपडे बांबूत ओवून तो बांबू त्यात खोचायचा. सातव्या मजल्यावर अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ओल्या कपड्यांनी जड झालेला बांबू खोचणं म्हणजे कसरत आहे. ती आईंना लिमबाईंनी शिकवली, आणि आई त्यात इतक्या तरबेज झाल्या की मला त्या बांबूला हात लावू देईनात.

एक दिवस वारं सुटलं आणि आईंची कोयरीकाठाची सुती साडी उडाली. आई खिडकीतून बघत राहिल्या, साडी डुलत डुलत खाली चालली होती. मी म्हटलं, गेली. आई म्हणाल्या, 'गेली' म्हणू नये.

संध्याकाळी हमीदभाई दारात. त्यांच्या बांबूवर येऊन ती अडकली होती. साडी धुतलेली, इस्त्री केलेली, घडी घातलेली. त्यांच्या बायकोने, झैनबने, ती पुन्हा धुतली होती, कारण मधे कबुतरांनी आपलं काम केलं होतं. आईंनी घडी उलगडली आणि चष्मा लावून खिडकीपाशी गेल्या. साडीचा फॉल दोन वीत उसवलेला होता, आई महिनाभर शिवीन शिवीन म्हणत होत्या. तो शिवलेला होता. ज्या बाईने जन्मात साडी नेसली नाही, तिने फॉल कुठे लागतो हे बघून, त्याच रंगाचा दोरा शोधून, तो लावून दिला होता.

आई कितीतरी वेळ ते टाके बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बारीक आहेत गं." पुण्या-मुंबईत इतकी वर्षं काढून मी आईंच्या तोंडून दुसऱ्या कोणाच्या शिवणाचं कौतुक ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर बेसनाचे लाडू गेले. तो डबा रिकामा परत आला नाही, मग आमच्याकडून रिकामा गेला नाही, मधे लिमबाईंनी त्यात शिरकाव केला. स्टीलचा तो डबा, झाकणावर आईंचं नाव कोरलेला, अजून फिरतोच आहे. परवा पॅकिंग करताना मी तो शोधत होते. नंतर आठवलं, तो सध्या चौथ्यावर असणार.

◆

या ब्लॉक्सच्या तळमजल्यावर घरं नसतात, नुसते खांब आणि मोकळी फरशी. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. सगळ्यांची लग्नं तिथे आणि सगळ्यांचे शोकही तिथेच. हमीदभाईंच्या मुलीचं लग्न आमच्या खाली होतं त्याच दिवशी पलीकडच्या ब्लॉकखाली एका चिनी आजोबांचं पार्थिव ठेवलेलं. नवरदेवाची वरात डफ वाजवत त्याच बाजूने यायची होती. मी गॅलरीतून बघत होते, म्हटलं, आता भांडण होणार.

पलीकडच्या ब्लॉकचा कोपरा आला आणि डफ थांबले. कोणी हात केला नाही, कोणी शिट्टी मारली नाही. तीस-चाळीस माणसं, नटलेला नवरदेव, काठ्यांना लावून वर धरलेल्या झिरमिळ्या, सगळं गुपचूप त्या ब्लॉकसमोरून चालत गेलं. आतली माणसं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. वरात आमच्या खांबांपाशी पोचली तेव्हा डफ पुन्हा सुरू झाले आणि तिकडची माणसं खाली बसली. मी आणि आई गॅलरीत तशाच. हे यांना कोणी शिकवलं, आई विचारत होत्या. मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का!

लिमबाई त्या दिवशी दुपारी लग्नात बिर्याणी जेवल्या आणि संध्याकाळी पलीकडे जाऊन मृताच्या नावाने जाळायच्या कागदांच्या घड्या घालत बसल्या. मी विचारलं की दोन्हीकडे कशा जाता. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. दोन्हीकडे शेजारीच तर होते.

◆

आई आणि लिमबाई रोज दुपारी लिमबाईंच्या दारात बसायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी तिच्या बोलीत, तास-दीड तास. शिरीषचं म्हणणं, याला संवाद म्हणत नाहीत. त्याने सईला मुद्दाम तिथे अभ्यासाला बसवलं, त्या काय बोलतात ते बघून ये म्हणून. सईने येऊन रिपोर्ट दिला: "दे नॉट लिसनिंग टु ईच अदर, पापा. बोथ टॉकिंग अबाउट नी."

गुडघा! दोघींचाही उजवा. एकीने चोळून दाखवायचं, दुसरीने तेलाची बाटली आणायची. शेवटी आईंचा गुडघा इतका बिघडला की चिंचवडला जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं, तिकडे नणंद डॉक्टर आहे म्हणून. निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी, आणि आई लिमबाईंच्या जाळीतून हात घालून उभ्या. लिमबाईंनी तो हात दोन्ही हातांत धरलेला. या वेळी सहा महिने लागणार होते, हे त्यांना सईने सांगितलं होतं.

"येते हं, लिमबाई," आई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं असावं की आज मराठीत पुरेसं नाही. म्हणून चार शब्दांच्या पलीकडे जाऊन म्हणाल्या, "आय कम."

"या," लिमबाई म्हणाल्या. "यू कम."

पत्र आलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी.

◆

फ्लॅट निवडायची पद्धत मोठी नामी होती. प्रत्येकाला एक नंबर, नंबराप्रमाणे जाऊन घर निवडायचं. पण त्यात एक सोय होती, आणि ती वाचून मी पुन्हा थक्क झाले: ज्यांना आपला शेजार मोडायचा नाही, त्यांनी एकत्र अर्ज करावा, त्यांना शेजारी-शेजारी घरं निवडता येतील. सरकारी फॉर्मवर शेजारासाठी रकाना! शिरीष म्हणाला, चांगली सोय आहे. आणि कॉन्डो बघायला जायची शनिवारची वेळ ठरवून आला.

शनिवारी सकाळी आम्ही निघणार तेवढ्यात फोन आला. ब्लॉकखालीच हाउसिंगवाल्यांनी छोटं ऑफिस थाटलं होतं, तिथल्या मुलीचा. लिमबाईंनी एकत्र अर्जाचा फॉर्म भरून दिलाय, दुसऱ्या घराच्या रकान्यात आमच्या घराचा नंबर आहे, फक्त आमची सही राहिली आहे. मी म्हटलं, काहीतरी चूक आहे, आम्ही असं काही म्हटलेलं नाही. ती मुलगी गोंधळली. मॅडम, तुमच्या सासूबाईंनी जाण्याआधी कन्फर्म केलंय असं त्या म्हणतात. येते म्हणून सांगून गेल्या आहेत.

मी फोन स्पीकरवर टाकला. शिरीषने ऐकलं आणि हातातली टोपी टेबलावर ठेवली. मग त्याने चिंचवडला फोन लावला. आईंनी पहिल्यांदा कानांवर हात ठेवले, मी कधी काय कन्फर्म केलं, मी नुसतं येते म्हटलं. 

"म्हटलं होतं खरं," आई म्हणाल्या. "आणि त्या 'या' म्हणाल्या होत्या."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. व्यायामाची वेळ झाली म्हणे.

आता हे समजावून सांगायला कोणीतरी जायला हवं होतं. सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते. त्यांनी आमच्या भरवशावर फॉर्म भरला आणि आम्ही सेरंगूनला निघून गेलो, तर त्या अनोळखी दाराशेजारी जाऊन पडणार, आणि नव्या इमारतीत नवव्यावर उतरून टकटक करायला जाळ्याही ओळखीच्या नसणार. मी शिरीषला म्हटलं, तूच बोल. तो म्हणाला, दोघं जाऊ.

लिमबाईंचं घर निम्मं रिकामं झालं होतं. देव्हारा तेवढा जागेवर. आमच्यासाठी दोन स्टुलं मांडलेली, फॉर्मची दुसरी प्रत टेबलावर, त्यावर पेन. आम्ही सहीलाच आलोय असं त्या धरून चालल्या होत्या.

शिरीष बसला. लिफ्टचं पॅनेल समजावून सांगितलं होतं तसंच, शांतपणे, एकेक पायरी घेत त्याने सांगायला सुरुवात केली. आंटी, आमच्या भाषेत कोणी निघालं की 'येते' म्हणतं. त्याचा अर्थ निघते, असा. तो शब्द येण्याचा आहे, पण म्हणतात जाताना. आईने तेवढंच म्हटलं होतं.

लिमबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणजे कमिंग म्हणतात आणि अर्थ गोइंग? हो, शिरीष म्हणाला. दर वेळी? दर वेळी, आंटी.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजून बघितलं.

"बट एव्हरी टाइम शी कम बॅक," त्या म्हणाल्या.

हे खरंच होतं. शिरीष म्हणाला, हो, ते आहे, पण ती फक्त बोलायची पद्धत आहे. लिमबाईंनी मान हलवली, रागावल्या नाहीत, चेहराही पडला नाही. त्यांना एक गोष्ट कळून घ्यायची होती एवढंच.

"देन व्हेन नॉट कमिंग बॅक," त्यांनी विचारलं, "यू ऑल से व्हॉट?"

परत यायचंच नसेल तेव्हा तुमच्यात काय म्हणतात.

 शिरीषने माझ्याकडे बघितलं. मी देव्हाऱ्यातल्या उदबत्तीकडे बघायला लागले. त्याने जन्मभर घरातून निघताना काय काय म्हटलं असेल ते सगळं आठवून बघितलं असावं.

"आंटी," तो शेवटी म्हणाला, "तसं काही म्हणतच नाही आम्ही."

लिमबाईंनी पेन उचलून त्याच्यापुढे धरलं.

त्याने माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. फॉर्म जवळ ओढला, सही केली, पेन मला दिलं. मी केली. त्याने पेनाचं टोपण लावून ते फॉर्मवर नीट आडवं ठेवलं, उठला, दारात जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि सवयीने मागे वळून म्हणाला, "येतो, आंटी."

"या," लिमबाई म्हणाल्या.